हजेरीपटावरचे नाव

एखाद्या देशाची श्रीमंती कशावरून ओळखावी, असा प्रश्न तुम्हांस परीक्षेत आला तर तुम्ही काय लिहाल? बहुधा धान्य, कोळसा, पोलाद, कारखाने, लोहमार्ग आणि परदेशांशी चालणारा व्यापार यांची यादी द्याल, आणि त्याबद्दल तुम्हांस गुणही मिळतील. पुष्कळ वर्षे मोठमोठे अर्थशास्त्रज्ञही याच वळणाचे उत्तर देत असत. देशाचे एकूण उत्पन्न काढावयाचे, त्यास लोकसंख्येने भागावयाचे, आणि जो भागाकार येईल त्यावरून देश पुढारलेला की मागासलेला हे ठरवावयाचे, अशी ती रीत. तीत एक मोठी खोट आहे. गावातील एका सावकाराने घरावर माडी चढविली आणि त्याच वर्षी शेजारच्या दहा घरांतील मुले शाळा सोडून गुरांमागे गेली, तरी भागाकार वाढलेलाच दिसतो.

ही खोट ओळखून महबूब-उल-हक या पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञांनी एक नवी मोजपट्टी तयार करविली. आपले अमर्त्य सेन हे त्यांचे केंब्रिजमधील विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही; त्यांचेही साह्य त्यांस लाभले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे १९९० साली पहिला 'मानव विकास अहवाल' निघाला तो या मोजपट्टीसह. माणूस किती वर्षे जगतो, किती वर्षे शिकतो, आणि बरे जिणे जगण्यापुरते त्याच्या हाती काय येते, या तीन गोष्टी तीत एकत्र मोजतात.

थोडे गणित करून पाहू. ते अवघड नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात भारताचे २०२३ सालचे सरासरी आयुर्मान ७२ वर्षे धरले आहे. पट्टी २० वर्षांपासून ८५ वर्षांपर्यंत आखलेली असते. ७२ मधून २० वजा करा आणि बाकी ६५ ने भागा. उत्तर ०.८ येते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते हे ध्यानी घेतले, तर हे उत्तर वाईट म्हणता येणार नाही. उत्पन्नाचा हिशेब लॉगॅरिथमच्या साह्याने करतात, तो तुम्ही पुढे शिकाल. त्याचे उत्तर ०.६८ च्या जवळ येते. राहिले शिक्षण. त्याचे दोन भाग आहेत. आज शाळेत पाऊल ठेवणारे मूल पुढे किती वर्षे शिकेल असा अंदाज करता येतो, हा पहिला भाग. भारतात तो सुमारे १३ वर्षांचा आहे. पूर्ण माप १८ चे, म्हणून ०.७२. दुसरा भाग असा, की २५ वर्षांच्या व त्यांहून मोठ्या माणसांनी प्रत्यक्षात सरासरी किती वर्षे शाळेत काढली? भारताचा आकडा आहे ६.९. पूर्ण माप १५. भागाकार ०.४६.

सर्व आकड्यांत हा एक आकडा लंगडा आहे. सगळे जमेस धरून भारताचा निर्देशांक ०.६८५ आणि १९३ देशांत त्याचा क्रमांक १३० वा लागतो, त्याचे एक मोठे कारण हा लंगडा पाय होय.

आता या आकड्याचा एक विलक्षण स्वभाव पाहा. तो आजच्या शाळांविषयी फारसे बोलत नाही. १९९१ साली नऊ वर्षांचा असलेला एखादा मुलगा दुसरीतून उठून शेळ्या राखावयास गेला असे समजा. २००७ साली तो पंचविशीत आला आणि या सरासरीत मोजला जाऊ लागला. आणि तो जगेल तोवर, म्हणजे कदाचित २०५० नंतरही, त्याच्या नावापुढे 'दोन वर्षे' एवढेच लिहिलेले राहील. धरण फुटले तर ते पुन्हा बांधता येते. दुष्काळ पडला तरी पुढच्या मृगाची आशा असते. बालपणी सुटलेली शाळा मात्र देशाच्या खतावणीत साठ साठ वर्षे नावे पडून राहते.

१९९१ हे साल आम्ही उगाच घेतलेले नाही. त्या साली आपल्या हैदराबादेच्या वेशीवर एक गोष्ट घडली. तीच आज तुम्हांस सांगावयाची आहे.

आपल्या शहराला शाळांचे अगत्य नवे नाही. जुन्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा नांदत होती. राज्यकारभार उर्दूत चाले, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपल्या लेकरांनी आपल्या भाषेत शिकावे म्हणून येथील मराठी मंडळींनी १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा उभी केली. केशवराव कोरटकरांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडलेले आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या पणजोबांचे नाव त्या काळच्या कुठल्या ना कुठल्या मराठी शाळेच्या पटावर असेल. आमची घरची बोली कोंकणी. पहिलीत बाईंनी उच्चारलेले शब्द घरच्या शब्दांशी जुळेनात म्हणून आम्ही रडत घरी आलो होतो, हे आम्हांस अजून आठवते. शाळेच्या उंबरठ्याशी मुलाला अडविणाऱ्या गोष्टी अनेक असतात; भाषा ही त्यांतली एक.

परंतु आपण ज्या शहराचा अभिमान बाळगतो, त्याच्या अवतीभोवतीच्या खेड्यांत या शतकभराच्या हालचालीचा वारा फारसा पोहोचला नव्हता. १९९८ च्या नोव्हेंबरात माधापुरात सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि हैदराबादचे नाव संगणकांच्या जगात गाजू लागले. तेथून तासाभराच्या वाटेवर, त्या वेळच्या रंगारेड्डी जिल्ह्यातील शंकरपल्लीच्या बाजूला, बापाने घेतलेल्या कर्जापोटी मुलगा जमीनदाराकडे सालाने राबत असे. या पद्धतीला तेलंगणातील खेड्यांत 'जीतम' म्हणत. निजामी अमदानीत अशाच बांधल्या गेलेल्या गड्याला 'भगेला' हे नाव होते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी मुले कायद्याच्या नजरेतून निसटून गेली. लहान मुलगा गुरे राखतो, मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळते, यात कोणाला काही वावगे दिसतच नव्हते.

या खेड्यांत एम. वेंकटरंगय्या प्रतिष्ठान ही संस्था १९९१ पासून काम करू लागली. तिची स्थापना १९८१ ची. इतिहास आणि राज्यशास्त्र या विषयांचे पंडित मामिडिपूडी वेंकटरंगय्या यांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबीयांनी ती केली होती. त्यांची नात शांता सिन्हा हैदराबाद विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवीत असत. वेठबिगारीतून सुटू पाहणाऱ्या मजुरांत वावरताना त्यांना दिसले, की या सर्व साखळीत सर्वांत दुबळी आणि सर्वांत दुर्लक्षित कडी मूल ही आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे सूत्र धरले ते ऐकावयास अगदी साधे आहे: जे मूल शाळेत नाही ते मजूर आहे. मग ते कारखान्यात असो, शेतात असो, की स्वतःच्या आईच्या चुलीपाशी असो.

हे सूत्र जितके साधे तितकेच त्या काळी धाडसाचे होते. सरकारचे धोरण निराळे होते. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने काम करणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक वर्गांची सोय सुचविली होती. दिवसा काम, सायंकाळी दोन तास अक्षरे. योजना कनवाळूपणाची वाटते. पण दिवसभर राबून आलेले मूल कंदिलाच्या उजेडात काय शिकणार? अशी सायंशाळा म्हणजे दिवसाच्या मजुरीला दिलेली मूक संमतीच होय, असे प्रतिष्ठानाने स्पष्ट म्हटले आणि दिवसाच्या, पूर्ण वेळेच्या, सरकारी शाळेचाच आग्रह धरला. त्यांनी स्वतःच्या वेगळ्या शाळांचे जाळे विणले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. सरकारी शाळा वाईट असेल तर ती सुधारावी; तिच्या शेजारी दुसरी दुबळी शाळा उघडण्यात काय अर्थ?

अडचण पुढेच होती. बारा वर्षांच्या मुलाला आज शाळेत आणले तर बसवावे कोठे? पहिलीत सहा वर्षांच्या चिमुरड्यांशेजारी बसविले तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याला शरम वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणून अशा मुलांसाठी निवासी शिबिरे काढली गेली. येथे मूल काही महिने राहते. प्रथम खेळते, गाते, मनसोक्त झोपते, आणि मग अक्षरे व आकडे असे झपाट्याने शिकते, की बाहेर पडताना त्याच्या वयाला शोभेल त्या वर्गात त्याला बसता यावे. शेतातून शाळेपर्यंतचा हा पूल, म्हणून यांस सेतू-शिबिरे म्हणतात. शिकविणारे तरुणही बहुधा त्याच खेड्यांतले. कित्येक तर आपल्या घराण्यात प्रथमच शाळा पाहिलेले. ज्या मुलाने काल काठी घेऊन म्हशी हाकल्या, त्याच्याशी कसे बोलावे हे अशा तरुणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

तुम्ही म्हणाल, "पण बाई, गरिबीचे काय? घरात खायला नसेल तर मूल शाळेत कसे जाईल?" हा प्रश्न जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मागितले होते. नामदार गोखल्यांनी १९११ साली त्याच हेतूने विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शेतीला पोरांचे हात लागतात, गरिबाला सक्ती सोसवणार नाही, हे त्या वेळचे आक्षेप. गंमत अशी, की बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात सक्ती आणून दाखविली होती, आणि तेथील शेतकरी काही कुबेर नव्हते. पुढे आपल्या राज्यघटनेने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला. ती मुदत १९६० साली उलटून गेली.

गरिबी खोटी आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तेलंगणातील अनुभव असा, की एकाच गल्लीतील, सारख्याच गरीब दोन घरांपैकी एका घरचे मूल शाळेत असते आणि दुसऱ्या घरचे नसते. मग गरिबी हे एकच कारण कसे धरावे? सरकीच्या बियाण्याच्या शेतांचे उदाहरण घ्या. सुरत येथे तयार झालेले कापसाचे पहिले संकरित वाण १९७० साली आले आणि त्यानंतर संकरित बियाणे पिकविणे हा मोठा धंदा झाला. त्यासाठी एका झाडाच्या कळीतील पुंकेसर सायंकाळी हाताने काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिच्यावर चोळावे लागतात. हे हंगामभर, कळी कळी करून. या कामावर आंध्र-तेलंगणात हजारो मुली होत्या. मुलींची बोटे नाजूक, त्यांनाच हे जमते, असे मालक सांगत. आम्हांस ही नाजूक बोटांची थोरवी ऐकून नेहमी नवल वाटते. त्याच बोटांत लेखणी दिली तर ती कोणालाच नाजूक दिसत नाहीत. खरे कारण दुसरे होते. मुलीची मजुरी स्वस्त, ती उलट बोलत नाही, आणि हंगामापूर्वी तिच्या बापाला उचल देऊन तिला बांधून घेता येते. फवारलेल्या शेतात ती दिवसभर वाकून असे. मुली शाळेत गेल्या म्हणजे त्या कामाला मोठी माणसे लावावी लागतात आणि मोठ्यांना मोठी मजुरी द्यावी लागते. म्हणजे मुलीची मजुरी घराची गरिबी हटवीत नव्हती; ती आईबापांची मजुरी खाली ओढीत होती.

प्रतिष्ठानाच्या कामात आईबापांस पैशाचे आमिष दाखविले गेले नाही. गावसभा झाल्या, सरपंच बोलले, तरुण घरोघर बसले. जमीनदारांशी वाद झाले आणि पुढे त्यांच्यांतीलही काही जण या बाजूला आले. सरकारी शिक्षकांनी 'बाल कार्मिक विमोचन वेदिका' हा आपला मंच उभारला. मुलाला शाळेत धाडणे हीच गावाची रीत ठरली, आणि न धाडणाऱ्यासच चारचौघांत उत्तर द्यावे लागू लागले. मग बाप शेळ्या स्वतः राखू लागला. २००३ साली शांता सिन्हांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००७ साली बालहक्क संरक्षणाचा राष्ट्रीय आयोग स्थापन झाला तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. शिजविलेले दुपारचे भोजन सर्व सरकारी प्राथमिक शाळांत द्यावे असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा, शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत आला २००२ साली, आणि तो अमलात आणणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या विधेयकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणास वाटेल की काम झाले. तसे नाही. २०१५ च्या जानेवारीत आपल्याच जुन्या शहरात, चारमिनारपासून फार दूर नव्हे, बांगड्यांच्या कारखान्यांतून पोलिसांनी दोनशेहून अधिक मुले सोडविली. त्यांतील बहुतेक बिहारची होती. लाड बाजारातील चमचमत्या बांगड्या पाहावयास आपण सर्वच जातो. शहराभोवतीच्या वीटभट्ट्यांवर ओडिशातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात; त्यांच्या मुलांना तेलुगू शाळेत काही कळत नाही, म्हणून काही ठिकाणी भट्टीपाशीच उडिया शिक्षक आणि उडिया पुस्तके आणून वर्ग चालविले गेले. आणि जो मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबादचाच भाग होता, तेथील बीडकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्यातच परततात. मुले फडावर. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावात मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. कोठे चांगली चालली, कोठे नुसती कागदावर.

आतापर्यंत आम्ही जमीनदार, मालक आणि मुकादम यांच्याविषयी लिहिले. शाळेविषयी लिहिले नाही. ते लिहिणे प्राप्त आहे. प्रतिष्ठानाच्या कार्यकर्त्यांना असे आढळले, की गरीब मूल पुष्कळदा शाळेच्या दारापर्यंत येते आणि दारच त्याला परत पाठविते. जन्माचा दाखला आणा, मागच्या शाळेचा दाखला आणा, प्रवेशाची तारीख उलटली, फोटो नाही, सही करावयास बाप का आला नाही. निरक्षर आईला हे सर्व एकाच भिंतीसारखे दिसते. या भिंतीची एक वीट आमच्या हातूनही बसली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शाळेत सहावीला शिकवीत होतो. वर्गात नांदेडकडच्या एका कुटुंबातील मुलगी होती. बाप एका इमारतीवर राखणदार, आई घरकाम करणारी. अक्षर ठसठशीत, गणितात बरी. दिवाळीनंतर ती आली नाही. आठवडा झाला, महिना झाला. आम्ही वर्गातील मुलींना विचारले, त्यांनी खांदे उडविले, आणि आम्ही हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरीचे फुले टाकीत राहिलो. जानेवारीत पट तपासणीसाठी स्वच्छ करावयाचा होता. कार्यालयातून यादी मागितली गेली आणि आम्ही लाल शाईने तिच्या नावावर रेघ ओढून शेजारी 'सतत गैरहजर' असे लिहिले. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे २००९ चा कायदा सांगतो. आम्ही तो वाचलेलाही होता. रेघ ओढताना तो आठवला नाही, एवढेच.

मार्चमध्ये एका ओळखीच्यांकडे जाताना त्या इमारतीच्या जिन्याखाली ती दिसली. कडेवर तान्हे मूल, पुढ्यात कोणाच्या तरी घरची भांडी. आई बाळंत झाली, पुढे दुखण्याने अंथरुणाला खिळली, म्हणून घर आणि आईची दोन कामे तिच्यावर आलेली. तिने आम्हांस पाहून हात पदराला पुसावेत तसे फ्रॉकला पुसले आणि विचारले, "बाई, माझं नाव अजून आहे का हो?"

आम्ही काय उत्तर दिले ते येथे लिहिण्याजोगे नाही. शाळेपासून तिची खोली चालत बारा मिनिटांच्या वाटेवर होती. नोव्हेंबरात आम्ही एकदा त्या वाटेने गेलो असतो, तर आईच्या आजाराचे कळले असते, शेजारच्या बायकांशी बोलता आले असते, निदान धाकट्याला सांभाळण्याची काही तजवीज काढता आली असती. पुढच्या जूनमध्ये तिला पुन्हा सहावीत बसविण्यात यश आले. त्यासाठी ज्या कागदांच्या मागे धावावे लागले ते सर्व आमच्याच एका रेघेने निर्माण केले होते. ती आठवी पूर्ण झाली तोवर आम्ही त्या शाळेत होतो. नंतर ते कुटुंब गावी गेले.

आज आमच्या वर्गाच्या पटावर ४१ नावे आहेत. या महिन्यात त्यांतील एका नावापुढे सलग पाच दिवस गैरहजेरीचे फुले पडले आहेत. चौकशी केली तेव्हा एकाने सांगितले, त्याच्या वडिलांचे काम सुटले. दुसरा म्हणाला, तो मामाच्या दुकानावर बसतो. दोघांचेही पत्ते वेगवेगळे निघाले. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोन्ही ठिकाणी जाणार आहोत, आणि वाट दाखवावयास ते दोघे बरोबर येणार आहेत.